'पॅरेबल ऑफ द सोअर': काळोखी कादंबरी आहे, पण अर्ध्यावर सोडू नका

पहिल्यांदाच सांगून टाकते, हे पुस्तक हलकंफुलकं नाही, रात्री झोपताना दोन पानं वाचून कुशीवर वळावं असलं तर अजिबातच नाही. ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेची 'पॅरेबल ऑफ द सोअर', १९९३ साली आलेली कादंबरी. मी ज्यांना ज्यांना वाचायला सांगितली त्यातल्या बऱ्याचजणांनी मध्येच सोडली, म्हणाले किती माणसं मरतात गं यात, आम्हाला नाही झेपत. ते मला समजतं. पण डिस्टोपियन म्हणून, म्हणजे बिघडून गेलेल्या जगाच्या गोष्टी म्हणून, जे काही मी आजवर वाचलं त्यात आशा असलीच तर शेवटच्या दहा पानांत येते, कोणीतरी उठाव करतो, राजवट पडते, झालं. इथे ती सुरुवातीपासूनच असते, फक्त ओळखू येत नाही, कारण ती कामाच्या रूपात असते. एक मुलगी रोज काहीतरी शिकते, काहीतरी बांधून ठेवते, कोणाला तरी शिकवते. एवढं लक्षात ठेवून वाचलंत तर सोडणार नाही असं मला वाटतं.

गोष्ट अशी. लॉरेन ओलामिना नावाची मुलगी डायरी लिहितेय, पहिली नोंद २० जुलै २०२४ ची, त्या दिवशी तिला पंधरा पूर्ण होतात. म्हणजे लेखिकेने तीसेक वर्षं पुढचं जग कल्पून लिहिलं आणि आपण ती तारीख ओलांडून पुढे आलोय, वाचताना हे डोक्यातून जातच नाही. लॉस एंजेलिसजवळच्या रोब्लेडो नावाच्या गावात काही घरांनी मिळून भोवती भिंत बांधलीय. आत फळझाडं, भाजी, ससे पाळलेले, आणि भिंतीबाहेर बेघर, उपाशी, नशेत असलेली माणसं. पोलीस आहेत पण तपास करायचे पैसे घेतात. शाळा अशी नाहीच, लॉरेनची सावत्र आई घरातच मुलांना शिकवते. पाऊस दुर्मिळ, आणि पाणी पेट्रोलच्या कितीतरी पट महाग.

आणि हे सगळं व्हायला कुठलं महायुद्ध झालेलं नाही, बॉम्ब पडलेला नाही, कोणी हुकूमशहा आलेला नाही. हळूहळू झालंय. आज एक गोष्ट बंद पडली, उद्या दुसरी, लोकांनी दोन्हीची सवय करून घेतली. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गोव्यात खांडेपारला पाइपलाइन फुटली आणि फोंडा-तिसवाडीत नळाला पाणी नव्हतं ते आठवतं ना, वरून धो धो पाऊस आणि खाली आपण टँकरच्या मागे बादल्या घेऊन. मी तेव्हा ताळगावला भाड्याने राहायचे, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन-तीन दिवसांतच कोणी किती बादल्या भरल्या हे मोजायला सुरुवात झाली होती, आणि ही चवथीला एकमेकांच्या घरी करंज्या पाठवणारी माणसं. पाणी परत आलं म्हणून ते तिथेच थांबलं. बटलर विचारते की नाही आलं तर पुढे काय.

लॉरेनला एक आजार आहे, तिची आई गरोदरपणात एक औषध नशेसारखं घ्यायची त्यातून आलेला. समोरच्याला दुखलं की हिला तसंच दुखतं, खरोखर अंगात. लहान असताना तर कोणाला रक्त आलेलं बघून हिच्या अंगातूनही रक्त यायचं. ऐकायला ही एखादी दैवी शक्ती वाटते, पुस्तकात मात्र ती फक्त अडचण आहे. अशा जगात जिथे कोणीही अंगावर येऊ शकतं तिथे या मुलीने कोणाला मारलं तर तो मार तिलाच बसणार, गोळी घातली तर ती स्वतःच कोसळणार. ती लपवून ठेवते हे सगळ्यांपासून. लेखिकेने यावर कुठेही प्रवचन दिलेलं नाही हे मला फार आवडलं, दुसऱ्याचं दुःख समजणारी माणसं जगात वाढली तर जग सुधारेल वगैरे. ती फक्त दाखवत राहते की या मुलीला प्रत्येक मारामारीचा हिशोब अंगावर चुकवावा लागतो आणि तरीही ती मारते, कारण नाही मारलं तर तिच्याबरोबरची माणसं मरतील.

आता ते कामाचं. लॉरेनला कळलेलं असतं की भिंत टिकणार नाही. ती मैत्रिणीला सांगते, मैत्रीण घाबरून घरी सांगते, आणि प्रकरण लॉरेनच्या वडिलांपर्यंत जातं. वडील चर्चचे पाद्री आणि कॉलेजात शिकवणारे. इथला बापलेकीचा संवाद माझ्यासाठी पुस्तकातला सर्वांत चांगला प्रसंग. ते तिला खोटं ठरवत नाहीत, त्यांनाही तेच दिसतंय. ते म्हणतात लोकांना घाबरवू नकोस, शिकव. भूकंपाचं निमित्त कर, कॅलिफोर्नियात भूकंप काय नेहमीचेच, त्यासाठी प्रत्येकाने एक पिशवी तयार ठेवावी असं सांग. आणि ती तसं करते. स्वतःची पिशवी भरते, पैसे, सुकं खाणं, पाणी, काड्यापेटी, कपडे, बियाणं. बापाच्या कपाटातली पुस्तकं काढून औषधी झाडं, जखम कशी बांधायची, जंगलात काय खाता येतं हे वाचते. आमच्याकडे मे महिन्यात आजी पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, उकडे तांदूळ, डब्यांवर डबे, आणि ते करताना ती पावसाला घाबरलेली कधीच दिसायची नाही उलट खुशीत असायची, लॉरेनची पिशवी वाचताना मला तेच आठवत राहिलं. तयारी करणारं माणूस रडत बसलेलं नसतं.

ओक झाडाची फळं असतात, एकॉर्न, ती कडू असतात, त्यांचा कडवटपणा काढून पीठ करून पाव करायचा हेसुद्धा त्यांच्या घरी चालतं. अमेरिकेतली आदिवासी माणसं हे शेकडो वर्षं खात आली, नंतरचे लोक विसरले. हे असले तपशील लेखिका ज्या प्रेमाने देते ना, की वाचून आपल्यालाही उठून फणसाच्या बिया राखेत घालून ठेवाव्याशा वाटतात.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते ऑलिव्हार. समुद्रकाठचं एक छोटं शहर, ते शहरच एक कंपनी विकत घेते. कंपनी म्हणते या, घर देतो, सुरक्षा देतो, नोकरी देतो. पगार कमी, पण बाहेर मरण्यापेक्षा बरं. लॉरेनच्या मैत्रिणीचं कुटुंब खुशीने जातं. सावत्र आई कोरी म्हणते आपणही अर्ज करू, आणि वडील म्हणतात नाही. कारण त्यांना इतिहास माहितेय, पगार इतका ठेवायचा की भाडं आणि किराणा भागणार नाही, मग कर्ज, मग कर्ज फिटेपर्यंत सोडून जायचं नाही, आणि ते फिटत कधीच नाही.

मी डिचोली तालुक्यातली, खाणपट्ट्यातली. आमच्या गावात एक काळ होता जेव्हा नोकरी खाणीवर, ट्रक खाणीला लावलेला, विहिरी आटल्या तर पाण्याचा टँकर खाणीचाच आणि जत्रेची मोठी वर्गणीही खाणीचीच. धुळीबद्दल कोणी बोललं की घरचेच त्याला गप्प करायचे, कारण कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात उभा. मग २०१२ ला बंदी आली, मग परत थोडी चालू झाली, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून सगळं थंड. ट्रक तिथेच गंजले, हप्ते काही थांबले नाहीत. त्यामुळे ऑलिव्हारचं प्रकरण वाचताना मी पुस्तक खाली ठेवून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले होते. आणि बटलरचं मोठेपण कशात आहे तर तिने कोरीला मूर्ख दाखवलेलं नाही. पोटच्या पोरांना गोळी लागू नये एवढंच त्या बाईला हवंय, त्यासाठी ती स्वातंत्र्य द्यायला तयार आहे, आणि तिचा मुद्दा वाचताना मलाही क्षणभर पटतो. आमच्या गावातल्या ज्या बायकांनी खाण परत सुरू करा म्हणून मोर्चे काढले त्यांना शहरातले लोक काय काय बोलले ते मी ऐकलंय, त्या सगळ्यांनी कोरीचं म्हणणं एकदा नीट वाचावं. आणि खाण हवी म्हणणाऱ्यांनी पुढचे भाग वाचावेत, जिथे कर्जात अडकवलेली एक आई आपल्या लहान मुलीला घेऊन पळून आलेली भेटते आणि तिचे मुलगे कर्जाच्या बदल्यात कसे नेले गेले ते कळतं.

इथून पुढे थोडं कथानक फुटेल, ज्यांना नको त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

भिंत पडते. जुलै २०२७, लॉरेन अठरा वर्षांची. वडील त्याआधीच एक दिवस कामावरून परत येत नाहीत, आणि त्यांचं काय झालं हे शेवटपर्यंत कळत नाही, लेखिका सांगतच नाही. भिंत पडल्यावर आग. या जगात एक नशा आहे जिच्यात आग बघून माणसाला अतोनात सुख होतं, म्हणून लोक घरं पेटवतात. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात डोंगर पेटले होते तेव्हा मी सत्तरीला मामाकडे होते. रात्री डोंगराच्या कडेला लाल रेघ, आणि सकाळी मामी दोरीवरचे कपडे काढताना प्रत्येक कपडा झटकत होती, पांढरी राख, बोटाला लागली की पीठ होऊन जायची. दिवसा नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत फिरत होती आणि मामा काजूच्या बागायतीत पालापाचोळा ओढून मोकळी पट्टी काढत होता, बरोबर वाड्यावरची आणखी माणसं, ज्याची बागायत नव्हती तोसुद्धा. म्हणून असेल, पण पुस्तकातली आग मला बनावट वाटली नाही. माणूस आगीकडे बघत बसत नाही, हाताला लागेल ते उचलतो.

मग लॉरेन पुरुषाचे कपडे घालून, पाठीवर ती पिशवी टाकून, शेजारपाजारचे वाचलेले दोघे हॅरी आणि झाहरा यांच्याबरोबर हायवेवरून उत्तरेला चालायला लागते. हजारो लोक तसेच चाललेत. इथे पुस्तकाचा खरा जीव आहे. झाहराला तिच्या आईने विकलेलं असतं, ती रस्त्यावर वाढली, तिला लिहितावाचता येत नाही पण बाहेरच्या जगात कसं जगायचं ते या दोघांपेक्षा कितीतरी जास्त कळतं. लॉरेन तिला वाचायला शिकवते, दिवसभर चालून पाय सुजलेले आणि दोघी अक्षरं गिरवताहेत. रात्री पाळीपाळीने जागायचं, कोण जागणार कोण झोपणार यावर भांडण, मग त्यातूनच विश्वास. मग एक जोडपं त्यांच्या तान्ह्या बाळासकट. भूकंपात पडलेल्या घराखाली अडकलेल्या दोन बहिणी, ज्यांना हे लोक थांबून बाहेर काढतात जेव्हा बाकी सगळे लुटायला धावत असतात. एक म्हातारा डॉक्टर. एक अनाथ पोर. प्रत्येक नवीन माणूस म्हणजे एक जास्तीचं तोंड आणि एक जास्तीचा धोका, तरीही प्रत्येक वेळी लॉरेन हो म्हणते, पण डोळे झाकून नाही, हत्यार हाताशी ठेवून, प्रश्न विचारून. हा जो भोळा नसलेला चांगुलपणा आहे तो मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत इतक्या बारकाईने बघितलेला नाही.

धर्माबद्दल थोडं. लॉरेन एक नवाच धर्म लिहित असते, अर्थसीड. देव म्हणजे बदल, एवढंच त्याचं मूळ. देव तुमच्यावर प्रेम करत नाही, रागावतही नाही, तो फक्त आहे, आणि तुम्ही त्याला घडवू शकता. आणि माणसाचं अंतिम ठिकाण म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांवर जाऊन मूळ धरणं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्याच्या छोट्या ओव्या असतात. मी आईला हे समजावून सांगितलं तर ती लगेच म्हणाली, मग गाऱ्हाणं कोणाला घालायचं? आणि हाच प्रश्न पुस्तकातली माणसंही वेगवेगळ्या शब्दांत लॉरेनला विचारत राहतात, तिच्याकडे त्याचं गोड उत्तर नाही. गाऱ्हाणं ऐकणारं कोणी नाही, आपणच एकमेकांचं ऐकायचं. मी स्वतः देवळात जाणारी, सप्त्याला रात्रभर भजन ऐकणारी, मला हा धर्म पटला असं नाही, पण अठरा वर्षांच्या पोरीने घर जळाल्यावर आधार म्हणून काहीतरी स्वतः बांधावं याचा मला आदर वाटला. ताऱ्यांवर जाण्याचा भाग मात्र मला शेवटपर्यंत उपराच वाटला, जमिनीवरच इतकं काम पडलंय.

न आवडलेलंही सांगते. त्या ओव्या बऱ्याचदा तेच तेच म्हणतात, दहाव्या-बाराव्या प्रकरणानंतर मी त्या भराभर वाचायला लागले. चालण्याचा भाग मध्येच लांबतो, आज इथे थांबलो, हे विकत घेतलं, तो मेला, पुढे निघालो. ते नशेत आग लावणारे लोक तोंडाला रंग लावलेले, ते कोण, कुठून आले, हे जवळून कधीच दिसत नाही, आणि ज्या पुस्तकात प्रत्येक भिकाऱ्यालाही माणूस म्हणून बघितलंय तिथे हे खटकतं. आणि तो डॉक्टर, बँकोली, सत्तावन्न वर्षांचा, आणि लॉरेन अठराची, त्यांचं जे जमतं ते मला मान्य होत नाही. लेखिका लॉरेनला पूर्ण अक्कल असलेली दाखवते, बँकोलीही चांगला माणूस आहे, तरीही नाही.

शेवटाबद्दल फार सांगत नाही. ते जिथे पोचतात तिथे जे सापडायला हवं होतं ते सापडत नाही, आणि तिथे राहायचं की पुढे जायचं यावर सगळे बसून बोलतात. पाणी आहे का, बियाणं कुठलं, हिवाळा कसा काढायचा, जवळपास नोकरी आहे का, लुटायला कोणी आलं तर काय. अगदी ग्रामसभेत बोलतात तसं, एकाचं दुसऱ्याला पटत नाही, एकजण तर जायलाच निघालेला असतो. मला तो शेवट फार भावला कारण त्यात कोणी कोणाला वचन देत नाही.

लेखिकेबद्दल थोडं, कारण आपल्याकडे तिचं नाव फारसं ऐकायला येत नाही. बटलरचा जन्म १९४७ चा, कॅलिफोर्नियातल्या पासाडीनाचा, आई लोकांच्या घरी काम करायची. १९९५ मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची फेलोशिप मिळाली, सायन्स फिक्शन लिहिणाऱ्यात ती पहिली. २००६ ला गेली. आणि हे पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत आलं २०२० मध्ये, ती गेल्यावर चौदा वर्षांनी. तेव्हापासून जो तो म्हणतो बघा तिने भविष्य सांगितलं. मला हे बोलणं आवडत नाही, आणि २००० साली लिहिलेल्या एका लेखात तिने स्वतःच सांगितलंय की मी फक्त आज आपण ज्या प्रश्नांकडे दुर्लक्ष करतोय ते घेतले आणि त्यांना वाढायला तीस वर्षं दिली. भविष्य म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो, तिला तर वाचणाऱ्याने हातपाय हलवायला हवे होते.

कोणासाठी आहे हे: ज्यांना भाषेची भीती वाटते त्यांना सांगते, इंग्रजी खूप सोपं आहे, डायरी असल्यामुळे छोटी वाक्यं, मराठी माध्यमातून आलेल्या कोणालाही वाचता येईल. पण बलात्कार, मुलांचे मृत्यू, प्रेतं, माणसाचं मांस खाणारी माणसं हे सगळं आहे, आणि आडून नाही, समोर आहे. दहावीच्या आतल्या मुलांच्या हातात मी देणार नाही. ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्यांनीही थोडं थांबावं. यावर २०२० मध्ये चित्रकादंबरीही आलीय, तिला पुढच्या वर्षी सायन्स फिक्शनसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला, पण आधी मूळ पुस्तकच वाचा, कारण मजा लॉरेनच्या आवाजात आहे. याचा पुढचा भाग १९९८ चा, 'पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स', तो यापेक्षाही कडक आहे असं समजा. तिसरा भाग तिच्या हातून पूर्ण झाला नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या बँकोलीमुळे कापला. डिचोली-पणजी भागात कोणाला हवं असेल तर माझी प्रत देईन, सध्या मामेबहिणीकडे आहे, ती आता भिंत पडते तिथपर्यंत पोचलीय आणि मला फोन करून विचारतेय की पुढे वाचू का. वाच म्हटलं.